पडदा आला, बॉक्स गेले

नाटकाच्या थिएटरात सिनेमा शिरला, यात पुणेकरांना नवल नाही. विजयानंदमध्ये आधी नाटकं झाली, मग पडदा लागला. पण सिनेमासाठी जुन्या थिएटरात काय पाडलं, काय झाकलं, हे भिंतींवरून समजावं असं पुण्यात फारसं उरलेलं नाही. मंडईजवळचं, १९१५ सालचं ‘आर्यन’ तर खास सिनेमासाठीच उभारलेलं. त्याच्या जागी आता वाहनतळ आहे. तेव्हा मुंबईला, गिरगावातल्या रॉयल ऑपेरा हाउसला गेलेलं बरं.

नाटक कंपन्या घेऊन देशोदेशी फिरणारा मॉरिस बँडमन आणि कोळशाचे पारशी दलाल जहांगीर फ्रामजी कराका, या दोघांचा हा उद्योग. १९११ साली पाचव्या जॉर्ज राजाच्या हस्ते उद्घाटन उरकलं तेव्हा बांधकाम चालूच होतं. १९१२मध्ये ते उभं राहिलं, तरी किरकोळ भर पुढे काही वर्षं पडतच राहिली. शैली बरोक, म्हणजे सजावटीत हात आखडता घ्यायचा नाही. वर घुमटाकार छत, त्याचे आठ भाग, त्यांत कवी आणि नाटककारांची चित्रं. आत ससून घराण्याच्या बंगल्यातून आलेली झुंबरं. पण ते छत नुसतं मिरवायला नव्हतं. माइक नव्हता, तेव्हा गायकाचा आवाज वरच्या गॅलरीतल्या स्वस्त तिकिटापर्यंत पोहोचवणं हे त्याचं काम. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ या रंगमंचावर गायले ते याच भरवशावर.

बाजूचे बॉक्स, म्हणजे भिंतींलगतचे बसायचे खास कप्पे, हा खरा मुद्दा. तिथून रंगमंच तिरका दिसतो, पण नट जिवंत असतो, वळतो, पुढे येतो. शिवाय बॉक्समध्ये बसणारी मंडळी नाटक बघण्याइतकीच स्वतः दिसण्यासाठीही येत. पडदा सपाट. बाजूने पाहिलं की त्यावरचे चेहरे लांबट, चेपलेले दिसतात. त्यात १४ मार्च १९३१ला ‘आलम आरा’ गिरगावातच, मॅजेस्टिकमध्ये लागला आणि सिनेमाला स्वतःचा आवाज मिळाला. मूकपटाला वाजंत्री लागायची. बोलपटाने त्यांची रंगमंचापुढची जागा रिकामी केली. १९३५च्या सुमारास आयडियल पिक्चर्सच्या हाती ऑपेरा हाउस आलं, पक्कं सिनेमागृह झालं आणि बॉक्स गेले.

वारशाची कळकळ असलेले लोक या फेरफारावर नाक मुरडतात. मला ते पटत नाही. परदेशी ऑपेरा कंपन्यांच्या भरवशावर हे थिएटर किती काळ तगलं असतं? सिनेमाच्या गल्ल्याने त्याला अर्धशतकाहून जास्त जगवलं. १९५२मध्ये गोंडलचे महाराज विक्रमसिंहजी यांनी ते विकत घेतलं आणि खेळ चालू राहिले. पुढे टीव्ही आला, व्हिडिओ आला. १९९३मध्ये दारं बंद झाली. खरी पडझड झाली ती त्यानंतर.

वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी काम हाती घेतलं तेव्हा आधी प्रश्न डागडुजीचा होता: गळतं छप्पर, कमकुवत झालेली बाल्कनी. मग रंग. अशा कामात भिंतीचा छोटा चौकोन निवडून एकेक थर खरवडतात. वरचा डिस्टेंपर, खालचा तेलरंग, असं करत मूळ छटेपर्यंत उतरतात. गेलेले बॉक्स जुन्या छायाचित्रांवरून पुन्हा बांधले. म्हणजे १९३५ पुसून १९१२ निवडलं. निवड समजण्यासारखी आहे, पण या बांधकामाचं निम्म्याहून जास्त आयुष्य सिनेमात गेलं, त्याची निशाणी थोडी ठळक ठेवायला हरकत नव्हती.

२०१७मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबरमध्ये दारं पुन्हा उघडली, सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या. त्याच आठवड्यात मुंबई चित्रपट महोत्सवाचं उद्घाटनही तिथेच झालं, सिनेमा दाखवून.