छिद्रान्वेषी व्हा!

प्रश्न विचारणाऱ्या माणसाला आपल्या समाजव्यवस्थेने कधीच चांगले नाव दिले नाही. कीर्तनात उठून शंका काढली की तो पाखंडी, घरात काढली की आगाऊ आणि चारचौघांत काढली की छिद्रान्वेषी! छिद्रान्वेषी म्हणजे भोके शोधत हिंडणारा. हा शब्द शिवीसारखाच वापरला जातो. आज या शिवीविषयीच लिहायचे आहे आणि त्याला निमित्त आहे एका विलायती विनोदी मालिकेचे. आंबेडकरी दैनिकात विलायती मालिकेचे काय काम, असे काही वाचक विचारतील. त्यांनी थोडा धीर धरावा.

ब्रिटनमध्ये बीबीसी टू या वाहिनीवर ५ फेब्रुवारी २०१४ रोजी 'इनसाइड नंबर नाइन' ही मालिका सुरू झाली आणि १२ जून २०२४ रोजी तिचा शेवटचा भाग दाखवला गेला. नऊ पर्वे आणि ५५ भाग. स्टीव्ह पेम्बर्टन आणि रीस शिअरस्मिथ हे दोघे तिचे लेखक आणि बहुतेक भागांतले नटही. आपल्याकडच्या मालिकांसारखी ही सासू-सुनेची वर्षानुवर्षे लांबणारी कथा नाही. दर भागात नवी माणसे, नवी गोष्ट आणि अर्ध्या तासात शेवट. समान धागा एकच, नऊ हा आकडा. कधी नऊ नंबरचे घर, कधी रेल्वेचा नऊ नंबरचा डबा. वरवर हसवणारी, आतून काळीकुट्ट अशी ही गोष्ट शेवटच्या दोन-चार मिनिटांत असे वळण घेते की, आधी पाहिलेल्या सगळ्याचा अर्थ बदलून जातो. आणखी एक गंमत म्हणजे प्रत्येक भागात कुठेतरी एक पितळी ससा लपवून ठेवलेला असतो. कथेशी त्याचा काही संबंध नसतो. पण तो शोधण्याच्या नादात प्रेक्षकाला कोपरान् कोपरा निरखून पाहण्याची सवय लागते.

ही सवय लागलेले चाहते मग लेखकांनाही सोडत नाहीत. भाग संपला की वाद सुरू. हा माणूस दाराआड होता तर त्याला ते ऐकू कसे आले नाही? एवढा मोठा डाव रचला, पण समोरचा एक वाक्य वेगळे बोलला असता तर? अशा जागांना ते कथेतले भोक म्हणतात. म्हणजे जिथे कार्यकारणभाव तुटतो आणि गोष्ट सांगणारा 'मी सांगतो म्हणून मान्य करा' असे म्हणतो, ती जागा.

दोन उदाहरणे घेऊ. २०१७ सालच्या 'द बिल' या भागात हॉटेलात जेवलेले चौघे 'बिल मी देणार, मी देणार' म्हणून हातघाईवर येतात. पुढे सुरी निघते, रक्त सांडते आणि शेवटी कळते की हे सगळे भांडण म्हणजे एकाला लुबाडण्यासाठी इतरांनी रचलेले नाटक होते. चोख रचना आहे. पण रागाच्या भरात तो माणूस नेमके काय करील हे ठकांना आधीच कसे कळले, हा प्रश्न उरतोच. याउलट २०१५ सालचा 'द ट्वेल्व्ह डेज ऑफ क्रिस्टीन' पाहा. एका साध्या बाईच्या आयुष्यातले बारा दिवस. मध्येच एक अनोळखी माणूस तिच्या घरात दिसतो आणि नाहीसा होतो. प्रेक्षक बुचकळ्यात पडतो. शेवटी कळते की क्रिस्टीन मोटार अपघातात मरणाच्या दारात आहे आणि आपण पाहत होतो त्या तिच्या आठवणी. तो अनोळखी माणूस अपघाताच्या जागी होता. पुन्हा पाहायला बसलो की प्रत्येक विचित्र गोष्टीला कारण सापडते. पहिल्या गोष्टीत लेखकाने योगायोगाकडून उसनवारी केली. दुसऱ्या गोष्टीत त्याने पुरावा आधीच प्रेक्षकासमोर मांडून ठेवला होता.

या वादात चाहत्यांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, भाग पुन्हा पाहू, पुरावा शोधू, सापडला तर मान्य करू. दुसरा तट म्हणतो, एवढे मोठे लेखक, त्यांचा काही तरी हेतू असणारच, आपल्याला कळत नाही इतकेच. वाचकांनो, हा दुसरा सूर ओळखीचा वाटतो ना? 'देवाची लीला अगाध आहे' म्हणणाऱ्याचाच हा सूर! मालिका विलायती असली आणि बोलणारा पदवीधर असला तरी भक्ती ती भक्तीच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, धर्मात भक्ती ही आत्म्याच्या मुक्तीची वाट असू शकेल, पण राजकारणात भक्ती आणि विभूतिपूजा ही अधःपतनाची आणि अखेर हुकूमशाहीची वाट ठरते. दूरचित्रवाणीवरची मालिका म्हणजे राजकारण नव्हे हे खरे. पण प्रश्न गिळून टाकण्याची सवय एकदा लागली की ती एका ठिकाणी थांबत नाही.

आता ज्या भागामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. २०१५ सालच्याच पर्वात 'द ट्रायल ऑफ एलिझाबेथ गॅज' नावाचा भाग आहे. काळ सतराव्या शतकाचा. इंग्लंडमधल्या एका खेड्यात एलिझाबेथ गॅज या म्हातारीवर चेटूक केल्याचा आरोप आहे. आरोप करणारी तिचीच मुलगी आणि जावई. चेटकिणी शोधण्याचा धंदा करणारे दोघे येतात आणि खटला उभा राहतो. पुरावे इतके हास्यास्पद की पाहणाऱ्याची हसून पुरेवाट व्हावी. हसता हसता आपल्याला कळत जाते की इथे न्याय नाही, एका निराधार बाईला संपवण्याचा सोपस्कार चालला आहे. आणि मग येते ते गाजलेले वळण. म्हातारी खरोखरच चेटकीण निघते!

इथे पहिले भोक कोणालाही दिसावे. तिच्याकडे एवढी शक्ती होती तर तिने एवढा छळ सोसला कशाला? बचाव करणारे म्हणतील, ती योग्य वेळेची वाट पाहत होती, तिला गंमत वाटत होती. पण हे झाले आपण बाहेरून लावलेले ठिगळ. मला दुसरे भोक अधिक मोठे वाटते. सगळा वेळ ती म्हातारी आपल्यासमोर एक माणूस म्हणून उभी होती. शेवटच्या क्षणी ती माणूस राहिली नाही, धक्का देण्याचे साधन झाली. आणि खोटेनाटे पुरावे देणारे सगळे एका फटक्यात खरे ठरले. लेखकद्वय अंधश्रद्धेचे समर्थक आहेत असा याचा अर्थ नाही. भयकथेची ती जुनी रीत आहे आणि चुकीच्या पुराव्याने बरोबर निकाल लागला यात एक काळा विनोदही आहे. तरीही विचारले पाहिजे, या वळणाची किंमत कोणी मोजली?

कारण खऱ्या इतिहासात असे वळण कधी आलेच नाही. १६१२ साली लँकेशायरमधील पेंडल भागातल्या खटल्यात एलिझाबेथ डिव्हाइस नावाच्या बाईविरुद्ध साक्ष दिली ती तिच्याच जेनेट नावाच्या सुमारे नऊ वर्षांच्या मुलीने. आई फासावर गेली. तिच्याबरोबर आणखीही गेल्या. एकीनेही दोर तोडून उड्डाण केले नाही. ब्रिटनला शहाणपण सुचायला १७३५ साल उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने चेटूक हा गुन्हाच रद्द झाला आणि चेटूक येते असा दावा करणे ही लबाडी ठरली. आपल्याकडे बिहारला डायन प्रथेविरुद्ध कायदा करायला १९९९ साल लागले. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला, तोही २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर! सातपुड्याच्या पाड्यांमध्ये डाकीण ठरवून बाईला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते, जीव घेतला जातो. बहुधा ती विधवा असते, एकटी असते, किंवा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. त्या बाईच्या बाजूने पाहिले की कळते, 'ती खरोखरच चेटकीण होती' हे वाक्य विलायतेत वळण असेल, पण इथे ती आरोपपत्राची पहिली ओळ आहे. म्हणून कथेतले भोक शोधताना आंबेडकरी वाचकाने एक प्रश्न जास्तीचा विचारावा : या भोकातून कोण निसटले आणि कोण आत पडले?

हा प्रश्न आपल्याला शिकवायला विलायतेहून कोणी यायची गरज नाही. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. बाबासाहेबांनी हा उपदेश कसा वापरला ते पाहा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकातच ते चार प्रश्न उभे करतात आणि पहिलाच प्रश्न आहे तथागतांच्या गृहत्यागाचा. परंपरेने सांगितलेली कथा अशी की, सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिले आणि त्याला वैराग्य आले. बाबासाहेब विचारतात, गृहत्यागाच्या वेळी त्यांचे वय २९ होते. या नित्याच्या गोष्टी २९ वर्षांत त्यांच्या नजरेस एकदाही पडल्या नाहीत हे कसे शक्य आहे? अडीच हजार वर्षे लोक हात जोडून ऐकत आलेल्या कथेतले भोक त्यांनी एका ओळीत दाखवले!

आणि भोक दाखवून ते थांबले नाहीत. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेला तंटा, शाक्य संघाचा युद्धाचा ठराव, सिद्धार्थाचा त्याला ठाम विरोध आणि आपल्या कुटुंबावर बहिष्कार व जप्ती येऊ नये म्हणून त्यांनी स्वीकारलेली परिव्रज्या, ही संगती त्यांनी मांडली. नशिबाने दाखवलेल्या दृश्यांच्या जागी पाण्याचा प्रश्न आला, बहुमताचा प्रश्न आला, युद्ध आणि शांततेचा प्रश्न आला. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतलेल्या महापुरुषाने तथागतांच्या चरित्रात पाणी शोधावे यात नवल ते काय! लक्षात घ्या, हे त्यांनी शत्रूच्या पोथीबाबत केलेले नाही. ज्यांना त्यांनी आपले गुरू मानले, ज्यांचा धम्म १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो बांधवांना दिला, त्यांच्याच चरित्राबाबत केले. प्रश्न विचारणे म्हणजे अनादर नव्हे, हे याहून स्पष्टपणे कोण सांगणार?

पोथी-पुराणांचीही त्यांनी गय केली नाही. वेदांच्या उत्पत्तीबद्दल ग्रंथांतच किती परस्परविरोधी उत्तरे आहेत, कलियुग संपतच का नाही, असे साधे प्रश्न त्यांनी 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये विचारले. १९८७ साली वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने हा खंड प्रसिद्ध केला, तेव्हा राम-कृष्णावरचे परिशिष्ट गाळा म्हणून केवढा गदारोळ झाला! उत्तरे नव्हती म्हणून प्रश्नच छापू नका म्हणत होते. १९८८ मध्ये आंबेडकरी जनता लाखोंच्या संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरली आणि परिशिष्ट कायम राहिले, शासनाने फक्त आपली असहमती सांगणारी टीप जोडली. माझ्या माहितीत, प्रश्न विचारण्याच्या हक्कासाठी रस्त्यावर आलेला एवढा मोठा जनसमुदाय दुसरा नाही. तो आपला होता.

मग आज आपण काय करतो? बाबासाहेबांनी निकालात काढलेली म्हातारा-रोगी-प्रेताची तीच कथा आपल्याच घरातली मुले चित्रांच्या पुस्तकात वाचतात आणि आपण 'छान वाच' म्हणतो. सकाळी मोबाईल उघडला की बाबासाहेबांच्या नावाने एखादे वाक्य येते. कोणत्या भाषणातले, कोणत्या साली, कोणत्या खंडातले, काही पत्ता नसतो. तरी 'जयभीम' म्हणून आपण ते पुढे ढकलतो. बाबासाहेबांच्या जीवनातील म्हणून असे चमत्कारिक प्रसंग सांगितले जातात की ज्यात ना स्थळ, ना काळ, ना साक्षीदार. शासनाने प्रसिद्ध केलेले लेखन आणि भाषणांचे खंड आपल्या कपाटात असतात. ते उघडून पाहायला दहा मिनिटे लागतात, आणि तेवढीच आपल्याला जड होतात. अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेचा एक भाग तीन-तीन वेळा पाहून त्यातली विसंगती शोधणारे विलायती चाहते या बाबतीत आपल्यापेक्षा बरे नाहीत का? त्यांचे मालिकेवर प्रेम नाही असे कोणी म्हणणार नाही. प्रेम आहे म्हणूनच ते तपासतात.

खोटे वाक्य आपल्या बाजूचे आहे म्हणून ते निरुपद्रवी नसते. उद्या विरोधकाने त्यातले भोक दाखवले की त्याच्याबरोबर आपली दहा खरी वाक्येही संशयात येतात. चळवळीचे असे नुकसान शत्रूने करण्याआधी आपणच करून ठेवतो. म्हणून बांधवांनो, बुद्धविहारात दर रविवारी जमता तेव्हा वंदनेनंतर अर्धा तास यासाठी काढा. आठवड्याभरात मोबाईलवर आलेले बाबासाहेबांचे एक वाक्य घ्या, खंड उघडा आणि शोधा. सापडले तर मुलांकडून पाठ करून घ्या. नाही सापडले तर ज्याने पाठवले त्याला प्रेमाने विचारा, दादा, हे कुठले? तो चिडेल, कदाचित तुम्हाला छिद्रान्वेषी म्हणेल. म्हणू द्या. २९ वर्षांचा हिशेब मागणाऱ्या बापाची आपण लेकरे आहोत.