आंब्याला विचारायचा खरा प्रश्न

एप्रिल उजाडला की आंबेवाल्याला आपला पहिला प्रश्न ठरलेला: ‘केमिकलचा नाही ना?’ त्यामागची काळजी खरी आहे. पण या प्रश्नाने काहीच कळत नाही, कारण रसायनाशिवाय आंबा पिकतच नाही.

अढीतल्या पेंढ्याच्या उबेत आंबा पिकतो तो स्वतः सोडलेल्या इथिलीन वायूने. त्याच्या इशाऱ्यावर पिष्टाची साखर होते, आंबटपणा उतरतो, साल पिवळी पडते. तांदळाच्या डब्यात आंबे पुरून ठेवण्याची जुनी रीतही त्याचसाठी: वायू कोंडून राहतो. रायपनिंग चेंबरमध्ये हाच वायू बाहेरून सोडतात. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये त्याला मुभा दिली, 100 पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत फार तर शंभर भाग. या आंब्याला घाबरण्याचं कारण मला दिसत नाही.

कॅल्शियम कार्बाइडची गोष्ट वेगळी. त्याच्या राखाडी खड्यांची पुडी पेटीत ठेवली की हवेतल्या ओलाव्याने ॲसिटिलीन निघतो. हा वेल्डिंगवाल्यांचा वायू, फळापुरतं इथिलीनचं काम करतो. पण हे खडे कारखान्यांसाठी बनतात. त्यांत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. पुडीला येणारा लसणासारखा उग्र वास त्या अशुद्धीचाच, शुद्ध ॲसिटिलीनला जवळजवळ वास नसतो. म्हणून फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर कायद्याने बंदी आहे. तरीही पुडी स्वस्त पडते आणि कोवळा आंबाही बाजारात लवकर नेता येतो. असा आंबा वरून पिवळाधमक, आतून आंबट निघतो.

या पुडीची झळ सगळ्यांत आधी बसते ती पेट्या भरणाऱ्या माणसाला, आणि त्याच्याविषयी आपण बोलतच नाही. घामेजल्या हाताला खडे लागले की कातडी भाजते. भुकटी डोळ्यात गेली तर ओलाव्याने तिचा चुना होतो आणि डोळा जळतो. आपल्या वाट्याला सालीवरचा अंश येतो. त्याच्या वाट्याला हंगामभर रोजची पुडी.

नुसत्या रंगावरून काही ओळखता येत नाही, चेंबरमधला आंबाही एकसारखाच पिवळा दिसतो. तेव्हा विचारायचं ते हे: अढीचा, चेंबरचा की पुडीचा? उत्तर पटलं नाही, तर भरलेला पण कडक आंबा घ्यावा आणि घरी पेंढ्यात ठेवावा. आठवडाभर तरी लागेल.