देवाचें रान

संगमेश्वर तालुक्यांतील एखाद्या खेड्यांत वैशाखांत जावें. जांभ्याचा सडा तापून निघालेला असतो आणि विहिरींनीं तळ गांठलेला असतो. परंतु ग्रामदेवतेच्या रानांत शिरतांच अंगाला गारवा लागतो व पायांखालीं ओल सांपडते. हीच देवराई, तिला देवरहाटी असेंही म्हणतात.

कोंकणांत पाऊस उदंड पडतो. पण उघड्या कातळावरून तो तडक समुद्राला मिळतो. देवराईंत पालापाचोळ्याच्या थरावर त्याचा वेग मोडतो, मुळांच्या वाटेनें तो जमिनींत मुरतो आणि पुढें झऱ्याच्या रूपानें प्रकट होतो. म्हणून पुष्कळ ठिकाणीं गांवचा पाणवठा देवराईच्या पायथ्याशींच असतो.

या रानाला कुंपण नसे कीं पहारेकरी नसे. झाड तोडण्यापूर्वीं गुरवाकरवीं देवाला कौल लावावा, मानकऱ्यांची संमति घ्यावी आणि लांकूड देवळाच्या वा गांवाच्या कामींच लावावें, अशी रीत होती. धाक देवाचा, पण व्यवस्था माणसांची : जें सर्वांचें आहे तें एकट्यानें विकूं नये. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं 1976 सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधानें या व्यवस्थेकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें.

तो धाक आतां ओसरत आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसा हवा म्हणून कित्येक गांवीं देवाचींच झाडें विकलीं गेलीं. देवाचें घर उभें राहिलें आणि रान आडवें झालें!

यावर उपाय गांवानेंच करावयाचा आहे. पुण्याची ॲप्लाइड एन्व्हायरनमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था गेल्या शतकाच्या अखेरीपासून या भागांत गांवकऱ्यांसह काम करीत आली आहे. बेहड्याचेंच उदाहरण घ्यावें. या महावृक्षाच्या ढोलींत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला फटींतून चारा भरवितो. त्याच झाडाचें फळ त्रिफळ्यांत पडतें. कांहीं फळें रानासाठीं राखून उरलेलीं रास्त भावानें विकलीं, तर झाडही उभें राहतें व गांवाला मिळकतही होते. लांकूड एकदांच विकतां येतें; फळ दरवर्षीं.

जीर्णोद्धाराच्या वर्गणीचा मोठा वांटा मुंबईकर चाकरमान्यांकडून येतो. ती पाठवितांना ‘देवराईस कुऱ्हाड लावूं नये’ एवढी एकच अट त्यांनीं घातली, तर देवाच्या घराबरोबर त्याचें रान आणि गांवाचें पाणीही राहील.