तळघराची ओल न खणता थांबवूया

वर्षाची ज्वारी तळघरात ठेवावी आणि पावसाळ्यात खालची पोती ओली निघावीत, यासारखं दुःख नाही. बुरशी लागलेलं धान्य माणसाला तर नाहीच, जनावरालाही घालू नये. म्हणून आज आपण तळघराच्या भिंतीबद्दल बोलू.

आपल्या तलवाड्याकडची काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांतून पावसाचं पाणी थेट भिंतीपाशी उतरतं. पाणी १ मीटर उंच साचलं, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे १,००० किलोचा दाब बसतो. म्हणूनच आतून लावलेल्या ऑइल पेंटचे पोपडे निघतात.

बाहेरून खणायचं तर शेजारचं घर खेटून असतं आणि पायाही उघडा पडतो. मग काय करायचं?

आधी पारख करा. भिंतीचा हातभर भाग पुसून प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावा. दोन दिवसांनी कागदाच्या मागं थेंब दिसले, तर ओल भिंतीतून येते. वरच्या बाजूला दिसले, तर खोलीतल्या दमट हवेमुळं आहे. तिथं वारा खेळता ठेवा.

मग पाणी बाहेरच वळवा. पन्हळीचं आणि मोरीचं पाणी भिंतीपासून लांब सोडा. भिंतीलगत मुरूम दाबून बाहेरच्या बाजूला उतार द्या. एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो.

तरीही पाझर राहिला, तर उन्हाळ्यात मिस्त्रीकडून आतून काम करून घ्या. सुटा गिलावा आणि पांढरा लोणा काढायचा. सिमेंटच्या भिंतीत भेगेच्या दोन्ही अंगांनी तिरपी भोकं पाडून नळ्या बसवायच्या. खालच्या नळीपासून पंपानं पातळ सिमेंटचं ग्राउट भरायचं. वरच्या नळीतून ते बाहेर आलं, की खालची बंद करून वर सरकायचं. पाणी वाहतच असेल, तर पाणी लागताच फुगणारं पॉलियुरेथेन भरतात. शेवटी जलरोधक सिमेंटचे दोन हात द्यायचे आणि डब्यावर लिहिलंय तसं पाणी मारायचं.

दगड-मातीच्या भिंतीत मात्र जोरानं पंप मारू देऊ नका. सांध्यांतली माती सुटते. भिंत फुगली किंवा कलली असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा.

आणि मैत्रिणींनो, भिंत कोरडी झाली तरी पोती फळीवर आणि भिंतीपासून वीतभर लांबच ठेवा. मिस्त्रीला बोलवण्याआधी प्लास्टिकची पारख आणि पन्हळीची दुरुस्ती आपल्या हातानं करा. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत कुणाच्या भिंतीत काय आढळलं, ते एकमेकींना नक्की सांगा.