ताट नव्हे, वजनकाटा बघा



आपल्या खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक आहे. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ सालापासूनचं, त्याच घरातलं हे नवी मुंबईतलं भावंड. इथे उपचारांसाठी महाराष्ट्रातून माणसं येतात. महिना-दीड महिना खोली भाड्याने घेऊन, एका शेगडीवर संसार मांडून राहतात. त्यात तोंडाच्या, जिभेच्या, घशाच्या कॅन्सरचे रुग्ण पुष्कळ असतात. तंबाखू, गुटखा, सुपारी, मशेरी ही त्यामागची मोठी कारणं. आपल्या राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण आधी खाल्लेल्याचे आणि नंतर लपून खाल्लेल्याचे परिणाम घराघरात दिसतच आहेत.

रेडिएशनचं मशीन डॉक्टर सांभाळतात. पण त्या दुखऱ्या तोंडातून दिवसभरात पोटात काय जातं, हे बहुतेक घरांत बायकोच सांभाळते. आज त्याच कामाविषयी बोलू या. आजारी बाई असेल, तर हेच सगळं घरातल्या पुरुषाने ऐकावं आणि करावं.

सुरुवातीलाच मुख्य गोष्ट सांगते. या काळात जेवण ही हौस नाही आणि तुमच्या हातच्या चवीची परीक्षाही नाही. जेवण हा औषधाचा डोस आहे. तो पोचला की नाही हे रिकाम्या ताटावरून कळत नाही, वजनकाट्यावरून कळतं.

असं का? तोंड-गळ्याचं रेडिएशन साधारण सोमवार ते शुक्रवार असं ६ ते ७ आठवडे चालतं. एकूण ३० ते ३५ वेळा. मान आणि चेहरा तसूभरही हलू नये म्हणून रुग्णाच्या मापाचा जाळीचा मास्क बनवतात आणि त्याच मापावर किरणांचा नेम धरलेला असतो. वजन फार उतरलं, की चेहरा आणि मान बारीक होते आणि मास्क सैल पडतो. मग कधी मास्क नवा करावा लागतो, कधी सगळी आखणी पुन्हा करावी लागते. अशक्तपणामुळे उपचारात खंड पडला, तर कॅन्सरच्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. म्हणजे उतरलेलं वजन हा नुसता अशक्तपणा नसतो, तो उपचारालाच अडथळा असतो.

आता तोंडात काय होतं ते समजून घेऊ. पहिला आठवडा बरा जातो आणि घरच्यांना वाटतं, ‘यांना काही त्रास होणारच नाही.’ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चव जायला लागते, लाळ कमी आणि चिकट होते, तोंड सोलवटतं. शेवटचे आठवडे आणि रेडिएशन संपल्यानंतरचे एक-दोन आठवडे सगळ्यात कठीण. त्यानंतर तोंड हळूहळू भरून येतं, त्याला बहुधा महिना-दीड महिना लागतो. चव परत यायला काही महिने जातात. लाळेला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागू शकतं, काहींना ती पूर्वीसारखी कधीच येत नाही. म्हणून ‘रेडिएशन संपलं, आता जेवा पोटभर’ असं म्हणू नका. संपल्यानंतरचे दोन महिने तेवढेच जपायचे असतात.

आता हिशेब. अशा रुग्णाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ते ३५ कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. यजमानांचं वजन ६० किलो असेल, तर निदान १८०० कॅलरी आणि ७२ ग्रॅम प्रथिनं. आकडा मोठा वाटतो, म्हणून त्याचे ६ भाग करा. दर दोन-अडीच तासांनी एक वाटी, आणि प्रत्येक वाटीत ३०० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. वजन वेगळं असेल, तर आहारतज्ज्ञांकडून आपला आकडा लिहून घ्या.

इथेच आपली फसगत होते ती पेजेत. आजारी माणसाला पेज, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण पातळ पेजेच्या वाटीत जेमतेम चमचाभर तांदूळ असतात. त्यातून मिळतात ५० कॅलरी आणि १ ग्रॅम प्रथिनं. दिवसभर सहा वाट्या पाजल्या, तरी एका वेळेचा डोस होतो. डाळीचं वरचं पाणी आणि भाज्यांचं गाळलेलं सूप यांचंही तसंच. पोट भरतं, वजन मात्र उतरत राहतं.

मग द्यायचं काय? आपल्याकडे लहान बाळाला देतो ते खिमट आठवा. तांदूळ आणि मुगाची डाळ सारखी घेऊन धुऊन वाळवायची, मंद भाजायची आणि बारीक दळायची. त्यातले तीन मोठे चमचे पीठ कपभर दुधात शिजवा, वरून दोन लहान चमचे तूप आणि मोठा चमचाभर दुधाची पावडर घाला. झाली ३०० कॅलरींची वाटी, प्रथिनं १२ ग्रॅमच्या वर. ‘मी काय तान्हं बाळ आहे का?’ असं हे म्हणतील. मग त्याला खिमट म्हणू नका, खीर म्हणा किंवा गोड नको असेल तर मीठ-जिरं घालून मूगभाताचं सूप म्हणा.

दुसरी वाटी थंड. ग्लासभर दूध, एक पिकलेलं केळं, दोन मोठे चमचे दुधाची पावडर आणि चमचाभर साखर मिक्सरमधून फिरवा. जवळपास ३५० कॅलरी आणि १४ ग्रॅम प्रथिनं. दूध सोसत नसेल तर नाचणीच्या सत्त्वात शेंगदाण्याचं एकजीव वाटलेलं लोणी मिसळा. अंडं खात असतील तर गुरगुट्या भातात उकडलेलं अंडं कुस्करून घाला. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं असतात. कोळी-आगरी घरांतल्या मैत्रिणींनो, ओले बोंबील फार कामाचे. मिरची-चिंच न घालता नारळाच्या दुधात शिजवायचे, मधला काटा काढायचा, मऊ भाताबरोबर फिरवायचे. सुकट-जवळा मात्र सध्या बंद, कारण खारट आणि टोचरं.

तिखट, आंबट, फार गरम, कोरडं आणि कडक टाळा. लिंबू, टोमॅटो, संत्री झोंबतात. आंबट ताकसुद्धा झोंबतं, गोड दही चालू शकतं. पोळी द्यायचीच तर दुधात किंवा वरणात भिजवून. पदार्थ कोमट किंवा गार द्या. दिवसभरात दोन-अडीच लिटर पातळ पदार्थ जायला हवेत. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं आणि प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मधुमेह असेल तर ‘शुगर वाढेल’ म्हणून जेवण कमी करू नका. साखर-गुळाऐवजी तूप, शेंगदाणे, अंडं, दूध यांतून कॅलरी द्या आणि औषधाचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या. ‘साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो, यांना नुसत्या फळांच्या रसावर ठेवा’ असं सांगणारे नातेवाईक भेटतील. त्यांना हात जोडून चहा द्या, पण ऐकू नका. उपाशी ठेवल्याने कॅन्सर मरत नाही, माणूस खंगतो.

आणखी एक भीती काढून टाका. बाहेरून दिलेल्या रेडिएशनमुळे माणसाच्या अंगात किरण राहत नाहीत आणि कॅन्सर शिवल्याने होत नाही. भांडी वेगळी ठेवायची गरज नाही, नातवंडं खुशाल मांडीवर बसू द्या.

जेवण जायला हवं तर तोंड जपायला हवं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खायचा सोडा घाला. जागेपणी दर दोन-तीन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर या पाण्याने हलक्या गुळण्या. हे पाणी गिळायचं नाही, रोज ताजं करायचं. ब्रश अगदी मऊ. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको, लवंगतेल नको. मशेरी तर मुळीच नको, ती तंबाखूच आहे. गळ्याच्या कातडीवरही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हळद, तेल, कसलंही मलम लावू नका.

दुखणं सोसायला लावू नका. डॉक्टरांनी दिलेली वेदनेची गोळी जेवणाआधी अर्धा तास, अशी वेळ त्यांना विचारून ठरवा. जोरदार वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषधही मागून घ्या. तोंड बधिर करणारं औषध दिलं असेल, तर घास गरम नाही ना हे आधी तुम्ही पाहा, कारण त्यांना कळणार नाही.

आणि इतकं करूनही वजन उतरत राहिलं, तर डॉक्टर नाकातून किंवा थेट पोटात नळी घालायला सांगतात. हे ऐकून पुष्कळ बायका रडतात, ‘म्हणजे मी कमी पडले.’ नाही. नळी म्हणजे तोंडाला दिलेली विश्रांती, बहुतेकांची ती नंतर निघते. नळीने देताना त्यांना टेकून उठतं बसवा, मिश्रण बारीक चाळणीतून गाळा, एका वेळी २०० ते २५० मिली सावकाश सोडा. आधी आणि नंतर थोडं स्वच्छ पाणी सोडून नळी धुऊन घ्या. संपल्यावर निदान अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. नळी सरकली तर स्वतः आत ढकलू नका आणि तिच्यातून काही देऊही नका, हॉस्पिटलला जा. नळी असतानाही डॉक्टरांची परवानगी असेल तर घोट-घोट गिळणं चालू ठेवावं, कारण न वापरलेले स्नायू आखडतात.

तोंड उघडण्याचंही तसंच. सुपारी-गुटख्याने आधीच जबडा आखडलेला असतो, त्यात रेडिएशनची भर. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावतात का, हे त्यांना आठवड्याला तपासायला सांगा. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम रोज करायचे, रेडिएशन संपल्यावरही. हा आखडलेपणा महिन्यांनीही येतो. दात काढायचा प्रसंग आला, मग तो पाच वर्षांनी का असेना, आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा. त्या जबड्याची जखम लवकर भरत नाही, हाड सडू शकतं. मानेला किरण दिले असतील तर दर ६ ते १२ महिन्यांनी थायरॉइडची रक्ततपासणी विचारून घ्या. कारण नसताना थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ असेल तर ते थायरॉइडमुळे असू शकतं.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट न बघता हॉस्पिटल गाठा: पाणीसुद्धा गिळता न येणं, पिताना ठसका लागणं, श्वासाला आवाज येणं किंवा धाप लागणं, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, तोंडातून रक्त, लघवी कमी आणि गडद होणं. तोंडात पांढरे चट्टे दिसले किंवा आठवड्यात एक किलोहून जास्त वजन उतरलं, तर दुसऱ्या दिवशीच्या रेडिएशनच्या वेळी सांगा. खर्चाची अडचण असेल तर योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी विचारा.

आता नवरा-बायकोचं. तासभर खपून केलेली वाटी ते बाजूला सारतात, म्हणतात, ‘मातीसारखं लागतंय.’ आपल्याला लागतं मनाला. पण खरंच त्यांना मातीसारखंच लागत असतं, जिभेवरच्या चवीच्या पेशींना किरणांचा मार बसलेला असतो. तो तुमचा अपमान नसतो. ‘खा ना, माझ्यासाठी खा’ असं दहादा म्हटलं की खाणं म्हणजे भांडण होऊन बसतं. त्यापेक्षा विचारा, ‘अहो, थंड देऊ की कोमट?’ वाटी समोर ठेवा, अर्ध्या तासाने न बोलता उचला, अडीच तासांनी दुसरी ठेवा. त्यांच्या खाण्याच्या वेळी फोडणी आणि मासळी तळणं टाळा, वासाने मळमळतं. आणि त्यांना एकट्याला कोपऱ्यात जेवायला बसवू नका.

एक वही करा. तारीख, वाट्या किती गेल्या, पाणी किती, वजन किती. वजन आठवड्यातून दोनदा, त्याच काट्यावर, सकाळी पोट रिकामं असताना. काटा नसेल तर हॉस्पिटलात करून घ्या. डॉक्टरांसमोर ‘बरं खातात’ म्हणण्याऐवजी ही वही उघडून दाखवा, त्यांना लगेच मार्ग दाखवता येईल.

वहीत एक शेवटचा रकाना तुमचा स्वतःचा. आज तुम्ही दोन वेळा जेवलात का? दीर, मुलगा, शेजारीण यांपैकी कुणी एक पाळी वाटून घेतली का? सात आठवडे आणि पुढचे दोन महिने हे काम चालायचं आहे. त्यांची वाटी भरलीत की स्वतःचंही ताट वाढून घ्या.