परसबागेत शिंजीर यावा, टिकावा यासाठी काय करावे?

भिगवणला रोहित पक्षी पाहायला लोक दुरून कॅमेरे घेऊन येतात. बारामती-इंदापूरच्या वस्त्यांवर जास्वंदीला लटकून मध पिणारा बोटाएवढा पक्षी मात्र दुर्लक्षित राहतो. बरेच जण त्याला हमिंगबर्ड म्हणतात. पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतो. आपला पक्षी म्हणजे शिंजीर किंवा सूर्यपक्षी. हमिंगबर्ड हवेत स्थिर राहून मध पितो, शिंजीर बहुधा फांदीवर बसून पितो.

ओळख
जांभळा शिंजीर नर विणीच्या काळात चमकदार निळा-काळा दिसतो. एरवी तो मादीसारखा पिवळसर असतो. गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ असते.

कोणती झाडे लावावीत?
• एकेरी पाकळ्यांची जास्वंद, अडुळसा, शेवगा, डाळिंब, केळी.
• बांधावर पळस, पांगारा. माळरानावरची नेपती तोडू नये.
• साखरपाण्याची बाटली टांगू नये. उन्हाळ्यात ते लवकर आंबते, बुरशी येते. त्याऐवजी उथळ भांड्यात रोज ताजे पाणी ठेवावे.

फवारणीबाबत महत्त्वाचे
शिंजीर मधासाठी येतो, पण पिल्लांना अळ्या, कोळी आणि लहान कीटकच भरवतो. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला की अनेक जण डाळिंबासाठी आणलेले इमिडाक्लोप्रिड तिच्यावरही मारतात. हे आंतरप्रवाही कीटकनाशक झाडाच्या रसातून फुलातील मधापर्यंत पोहोचते. पक्ष्याचे खाद्य संपते आणि मधही दूषित होतो. परसबागेत जास्त कीड असलेले शेंडे छाटून नष्ट करावेत, पाण्याचा जोरदार फवारा मारावा. गरज पडल्यास ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. बागेत फवारणी करताना वाऱ्याची दिशा पाहावी.

फोटो कसा घ्यावा?
• सकाळच्या कोवळ्या उन्हात, सूर्य आपल्या पाठीमागे ठेवून बसावे. प्रकाश योग्य कोनातून पडला तरच नराची चमक दिसते.
• पक्षी त्याच त्या फुलांवर परत येतो. मागे धावू नये. एका फुलावर नेम धरून थांबावे.
• शटरचा वेग सेकंदाच्या १/१००० किंवा त्याहून जास्त ठेवावा. पक्षी गडद असल्याने एक्स्पोजर थोडे कमी करावे.
• मोबाईल असल्यास स्टँडवर फुलाजवळ ठेवून व्हिडिओ सुरू करावा आणि बाजूला व्हावे.

घरट्यापासून लांब
कोळ्याच्या जाळ्याने विणलेले त्याचे लोंबते घरटे कधी पडवीतल्या तारेवर, कधी कपड्यांच्या दोरीवरही असते. अंडी मादी एकटीच सुमारे दोन आठवडे उबवते. फोटोसाठी आडोशाची पाने तोडली किंवा वारंवार जवळ गेल्यास ती घरटे सोडू शकते, आणि उघडे पडलेले घरटे कावळ्यांना लगेच दिसते. पिल्ले उडेपर्यंत ती दोरी वापरू नये, त्या झाडाची छाटणीही थांबवावी.