नाताळची भेट : घरच्या लुगड्याची गोधडी

नाताळ जवळ येऊ लागला की घरोघरी एकच प्रश्न डोके वर काढतो : कोणाला काय द्यावे? बाजारात वस्तूंची वाण नाही. तरीही विकत आणून दिलेली वस्तू बहुधा महिन्याभरात कपाटात जाते आणि ती कोणी दिली हेही विसरले जाते. (आम्हा धर्मगुरूंच्या वाट्याला शर्टाचे कापड येते. दरवर्षी येते, शिवून मात्र होत नाही!) म्हणून यंदा आम्ही वाचकांपुढे एक जुनाच मार्ग ठेवीत आहोत : घरातल्या वापरून मऊ झालेल्या सुती कापडातून हाताने शिवलेली भेट.

हे सुचण्यास एक कारण घडले. आमच्या मातोश्री निवर्तल्या, त्यानंतर पंधरवड्याच्या आत त्यांची लुगडी गाठोड्यात बांधून देऊन टाकण्यात आली. हेतू कोणाचाच वाईट नव्हता. घरात जागा नव्हती एवढेच. पुढच्या वर्षी भावाच्या घरी पाळणा हलला आणि दुपट्यासाठी जुने कापड शोधताना आजीचे एक लुगडे तरी हवे होते, असे ज्याला त्याला वाटले. तोवर उशीर झाला होता. वसईतील जुन्या पिढीच्या ख्रिस्ती घरांतून अशी लुगडी आजही ट्रंकेत असतील. ती बोहारणीकडे जाण्यापूर्वी हा लेख वाचला जावा, अशी आमची इच्छा आहे.

नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याची चौपदरी घडी केली तर सुमारे दोन मीटर लांब आणि मीटरभर रुंद, म्हणजे एका माणसाच्या पांघरुणाइतकी गोधडी एकाच लुगड्यातून निघते. प्रथम कापड धुऊन कडक उन्हात वाळवावे. दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहावे. जेथे विरले असेल तो भाग आतल्या थरात घ्यावा. वरच्या बाजूस नव्या कापडाचे चौकोन जोडायचे असल्यास ते आधी अवश्य धुवावेत. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, जुने आटत नाही, आणि मग शिवलेल्या गोधडीला सुरकुत्या पडतात. लाल रंगाची विशेष परीक्षा घ्यावी : ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग लागतो का ते पाहावे.

थर जमिनीवर पसरून तळहाताने सारखे करावेत आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घालावेत. घाईत ही पायरी वगळली जाते आणि तेथेच काम बिघडते, कारण शिवताना थर एकमेकांवरून सरकतात; शिवणयंत्रावर तर अधिकच. मग कडा आत दुमडून, दुहेरी सुती दोऱ्याने कडेपासून सुरुवात करून, फेऱ्या घेत मध्याकडे धावदोरा घालीत जावे. दोन ओळींत बोटभर अंतर पुरे. टाके थोडे वाकडे पडले तरी बिघडत नाही. गोधडी कोणी पट्टी लावून मोजीत नाही. शेवटी कच्चे टाके उसवून टाकावेत.

अशीच परंपरा कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांनी जपली आहे. आफ्रिकी मूळ असलेल्या या समाजात कॅथोलिक, मुस्लिम आणि हिंदू अशी तिन्ही धर्मांची कुटुंबे आहेत. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. तिच्या चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुले लावतात. त्यांवाचून कवंदी उघडी समजली जाते. कॅथोलिक घरांतील काही कवंद्यांवर क्रूसही जोडलेले दिसतात.

वेळेचा हिशेब मात्र ठेवावा. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. तेव्हा सुई हाती घेतली तर नाताळपर्यंत फार तर चार आठवडे मिळतात. एवढ्यात नोकरी करणाऱ्या स्त्रीकडून (आणि पुरुषाकडूनही, शिवण ही केवळ बायकांची मक्तेदारी नव्हे) मोठी गोधडी होणे कठीण. त्यापेक्षा लहान वस्तू घ्यावी. तान्ह्या बाळासाठी पातळ दुपटे. त्याला मणी, बटणे वा टिकल्या लावू नयेत. मावशी-काकूंसाठी गरम भांडी उचलण्याचे जाड फडके. ते निव्वळ सुती असावे, नायलॉन उष्णतेने वितळते. मिस्साला जाताना गीतपुस्तक आणि चष्मा मावेल अशी पिशवी. घरच्या गव्हाणीखाली पसरण्यास चौकोनी चादर.

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो येथील टबीथा ऊर्फ दुर्कस हिची हकिकत आहे. तिच्या मृत्यूनंतर पेत्र तेथे आला तेव्हा विधवा रडत उभ्या होत्या आणि तिने शिवलेली वस्त्रे त्याला दाखवीत होत्या. तिचे बोललेले एकही वाक्य तेथे नोंदलेले नाही. उरली होती ती तिने शिवून दिलेली वस्त्रे.

एक शेवटची सूचना. भेट देण्यापूर्वी मागच्या कोपऱ्यात पांढऱ्या पट्टीवर दोऱ्याने तीन गोष्टी लिहाव्यात : लुगडे कोणाचे, शिवले कोणी आणि साल कोणते. शाईने लिहू नये, ती धुण्यात जाते.